आतल्या बांधावरची रेघ

ते यंत्र हातात धरून चालायचं होतं. हे आज मला इतकं साधं दिसतं की लिहितानाही लाज वाटते. कपड्याच्या साबणाच्या वडीएवढं, करड्या रंगाचं, पोटात चार पेन्सिल सेल आणि वर काळी-पांढरी छोटी काच. आकाशातल्या उपग्रहांशी जुळलं की आपण पृथ्वीवर कुठे उभे आहोत त्याचे आकडे दाखवायचं. बनवणाऱ्यांनी ते मुठीत बसेल असंच बनवलं होतं. आम्हाला ते एक आठवडा मिळालं आणि त्यातले पाच दिवस आम्ही ते गाडीला कशानं बांधायचं यात घालवले.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. धरमतरच्या खाडीकाठी आमच्या गावाला दोन बांध होते. एक खाडीला लागून, भरतीचं पाणी अडवणारा, अरुंद, चिखलमातीचा. त्याला आम्ही बाहेरकाठा म्हणायचो. दुसरा त्याच्या मागे, जुना आणि रुंद, ज्याच्यावरून ट्रॅक्टर आणि जीपही जायची. या दोन बांधांच्या मधोमध सात घरांची भातखाचरं होती. त्यातलं एक माझ्या आत्याचं. आत्याला मूलबाळ नव्हतं, नवरा गेलेला. तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं, ते खाचर होतं.

दोन वर्षांपूर्वी बाहेरकाठ्याला खांड पडली, म्हणजे बांध फुटला आणि खारं पाणी आत आलं. सात घरांची शेतं पडीक राहिली. तेवढ्यात एका कंपनीला तिथे मालाचे पडाव, म्हणजे मोठ्या होड्या, लावायला धक्का हवा झाला. कंपनीच्या नकाशात गावाची शेती आतल्या बांधापाशी संपत होती. त्याच्या पुढे सगळं खाजण, म्हणजे भरतीच्या पाण्याखालची खारी जमीन, सरकारी, कोणाचंच नाही असं दाखवलेलं. पेणच्या कचेरीत सुनावणी लागली. बाहेरकाठा आमचा आहे, तो आम्हीच बांधला आणि त्याच्या आतली जमीन आम्हीच कसली, हे दाखवायचं होतं.

आमच्या घरी पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील मोर्च्याहून यायचे ते खिशात पत्रकांच्या घड्या घेऊन, आणि मी वाचायला शिकलो तो त्या घड्यांवर. त्यामुळे पत्रक मीच लिहिलं. ‘आमची जमीन आम्हीच मोजणार!’ पेणला छापून आणलं, रामवाडीच्या नाक्यावर उभं राहून वाटलं. मोजणार कशानं, हे मात्र मला ठाऊक नव्हतं.

ते माझ्या मित्रानं सोडवलं. शाळेपासूनचा मित्र, शेजारच्या मोहल्ल्यातला, आखातात वाळवंटात मोजणीच्या कामावर होता. सुट्टीवर आला तो हे यंत्र घेऊनच. मी त्याला भाई म्हणायचो. त्याच्या थोरल्या भावाची ताडपत्रीच्या टपाची जीप होती, तीही आठवडाभर आम्हाला मिळाली.

“हातात घे आणि चालायला लाग,” तो पहिल्याच दिवशी म्हणाला. “आम्ही तिकडे तेच करतो.”

“हात हलतो, भाई. कचेरीत म्हणतील, पोरांनी फिरत फिरत रेघोट्या काढल्या. मोजणी कशी मोजणीसारखी दिसायला हवी. गाडीवर पक्कं बसवलेलं यंत्र म्हटलं की तोंडं बंद होतील.”

“तू मोजणार हायस का मिरवणूक काढणार?”

मी हसलो नाही. त्या दिवसांत मी फारसा हसत नसे.

पहिला प्रयत्न आतल्या काचेवरचा. पेणच्या दुकानातून रबराची वाटी आणली, काचेला दाबून चिकटवायची. गावाच्या रस्त्यावर पहिल्या खड्ड्यातच ती सुटली आणि यंत्र भाईच्या मांडीवर आलं. मग दुकानदारानं डॅशबोर्डवर गणपती बसवतात तो चिकट गोळा काढून दिला. भाई म्हणाला, “बाप्पाची जागा माझ्या यंत्राला दिली तर तुझं गाव मला पुढच्या सुट्टीला आत घेणार नाय.” गोळा दुपारच्या उन्हात वितळला. मोटरसायकलच्या हँडलला सायकलच्या ट्यूबनं बांधून पाहिलं, तर हादऱ्यानं सेल जागचे हलायचे आणि यंत्र दर फर्लांगाला बंद पडायचं.

असे तीन दिवस गेले. रोज संध्याकाळी आत्या वाटेत उभी असायची.

“माज्या बांधावर कदी येतोस रे?”

“आधी यंत्र नीट बसू दे, आत्या.”

“बसवायचं कशाला? मी चालते ना पुढं. तू ये मागून.”

चौथ्या दिवशी आम्ही नागोठण्यावरून रोह्याला गेलो. तिथे कारखान्यांसाठी फॅब्रिकेशन करणारा एक म्हातारा होता, भाईच्या ओळखीचा. त्यानं यंत्र उलटंपालटं करून पाहिलं, जीपभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, “आभाळ दिसलं पाहिजे याला, व्हय ना? मग टपाखाली कशाला घालता? बाहेर काढा की.” त्यानं आरशाच्या दांड्याला अॅल्युमिनियमची पट्टी वाकवून बसवली, आत रबर घातलं, वरून दुसरी पट्टी आणि चार बोल्ट. काम एका दिवसात झालं नाही. पाचव्या दिवशी पुन्हा गेलो. त्यानं पट्टी धरून सगळी जीप हलवून दाखवली. “गाडी उलटली तरी हे नाय हलायचं.”

इतकी सुंदर वस्तू मी तोवर कोणासाठी करून घेतली नव्हती. परतीच्या वाटेवर मी रस्त्याकडे नाही, त्या पट्टीकडे बघत होतो.

सहाव्या दिवशी प्रवासी भाडं आलं म्हणून जीप भावाकडे गेली. उरला शेवटचा दिवस. भाईचं विमान त्याच रात्री होतं, म्हणजे दुपारी चार वाजता त्याला मुंबईला निघायचं होतं, यंत्रासकट; दुसऱ्या दिवशी होळी होती. पुनवेजवळची ओहोटी पहाटे लागते. सकाळी नवापर्यंत बाहेरकाठ्यावरून खांडीपर्यंत आणि खांडीतून पलीकडे पायी जाता येतं. त्यानंतर उधाण चढतं आणि दुपार कलेपर्यंत तिथे कमरेएवढं पाणी असतं. हे मला माहीत होतं. खाडीकाठच्या लहान पोरालाही हे माहीत असतं.

आधी आतला बांध जीपनं, मग बाहेरकाठा पायी, असं ठरलं होतं. साडेसहाला आम्ही आतल्या बांधावर जीप घातली. शंभर-शंभर पावलांवर थांबायचं, भाई आकडे सांगायचा, मी वहीत लिहायचो. टोकाला पोचल्यावर आलेख कागदावर ठिपके मांडले तर बांध वेडावाकडा. परत आलो, पुन्हा मोजलं. दुसरी रेघ पहिलीपासून पन्नास पावलं बाजूला.

“हे असंच करतं,” भाई म्हणाला. “उपग्रहांचे आकडे अमेरिकेचं लष्कर मुद्दाम चूक घालून सोडतं. खरं फक्त त्यांना दिसतं.”

मला संताप आला. मी म्हणालो, तिसऱ्यांदा मोजू आणि तिन्हींची सरासरी काढू. माझ्या मनात त्या क्षणी आत्या नव्हती, खाचर नव्हतं, अमेरिका होती. तिसरी फेरी संपली तेव्हा दहा वाजत आले होते. बांधाच्या टोकाला आत्या उभी होती, लुगडं वर खोचून, गुडघ्यापर्यंत चिखल.

“मी पाटेपासून खांडीवर उबी हाय,” ती म्हणाली. “पानी चढलं आता.”

भाईनं पाना काढला. “चल, जेवढं होईल तेवढं. चार बोल्टच आहेत.” मी खांडीकडे पाहिलं. पाणी आत वळलं होतं. यंत्राच्या काचेवर सेल संपत आल्याची खूण होती. मी म्हणालो, राहू दे. बाहेरकाठा सगळ्या गावाला माहीत आहे, तो तोंडी सांगू. भाईनं पाना ठेवून दिला.

त्या रात्री आणि होळीच्या दिवशी मी नकाशा काढला. एकच रेघ, तीन मोजण्यांची सरासरी, शाईनं ठळक. वर मथळा लिहिला, पत्रकाला लिहितो तसा: ‘गावकऱ्यांनी स्वतः मोजलेला आपला बांध’. ‘आतला’ हा शब्द लिहिला नाही. मथळ्यात तो बसत नव्हता, त्याचा जोर कमी करत होता.

पेणच्या सुनावणीला साहेब वाईट माणूस नव्हता. असता तर मला आज बरं वाटलं असतं. त्यानं नकाशा दोन्ही हातांनी घेतला.

“कोणी काढला?”

“आम्ही. गावानं,” मी म्हणालो. मागे आत्यासकट सातही घरं उभी होती.

“चांगला काढलाय.” त्यानं कंपनीचा नकाशा शेजारी ठेवला, पट्टी लावली. “मग वाद कसला? तुमचा बांध आणि यांचा बांध एकच आहे.”

“साहेब, हा आतला बांध. बाहेरचा याच्या पुढे आहे.”

“पण तुम्ही लिहिलंय, आपला बांध. पुढचा का नाही मोजला?”

मी नकाशावरच्या मथळ्याकडे पाहिलं.

“बोला. एवढा मोजला, तो का नाही?”

“तिथे गाडी जात नाही, साहेब.”

त्यानं पेन खाली ठेवलं. “वहिवाट आहे म्हणता, आणि मोजायला तुम्ही तिथे गेला नाहीत.” तो हे टोमण्यानं म्हणाला नाही, थोडा खिन्नपणेच म्हणाला. आत्या पुढे आली, बाहेरकाठ्याची लांबी हातांनी दाखवायला लागली, कोणत्या साली कुठे खांड पडली, कोणी बुजवली. कारकुनानं सगळं लिहून घेतलं. तिनं अंगठा दिला. निकालात तिच्या बोलण्याची एक ओळ होती आणि माझ्या नकाशाचा पूर्ण परिच्छेद. नकाशा गावानं स्वतः सादर केल्यामुळे तो ग्राह्य धरला होता, आणि आतल्या बांधापुढचं सगळं खाजण ठरलं होतं.

लोकांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी उभा राहिलो असतो. वडील फक्त म्हणाले, “मथळा फार मोठा झाला.” मी भाईला पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं, त्यात सुनावणीबद्दल काही विचारलेलं नव्हतं.

पावसाळ्याआधी जोळ निघाली. बांधाखालची शेती ज्यांची, त्या प्रत्येक घरातून एक माणूस बांधाच्या डागडुजीला येतो, त्या सगळ्यांची मिळून जोळ. बाहेरकाठा आता सोडून दिलेला. उधाण थेट आतल्या बांधावर येणार, म्हणून त्यालाच उंच करायचं ठरलं. मीही फावडं घेऊन गेलो. आत्याला कोणी बोलावलं नव्हतं, कारण तिचं आता बांधाखाली काही उरलं नव्हतं. तरी ती आली, घमेलं घेऊन.

बांधाला माती घ्यायची ती नेहमी बाहेरच्या अंगानं. आतलं शेत कोणी खणत नाही. हा नियम कोणी लिहिलेला नाही आणि कोणी मोडतही नाही. आम्ही सगळे बाहेरच्या अंगाला तोंड करून उभे राहिलो. समोर आत्याचं खाचर होतं. दोन वर्षं खारं पाणी पिऊनही त्याचे वाफे अजून ओळखू येत होते. चाळीसएक माणसं, आणि एकही फावडं खाली जाईना.

“काय झालं?” आत्या म्हणाली. “उबे का?”

जोळीचा म्होरक्या पुटपुटला, “वैनी, दुसरीकडून घेऊ.”

“दुसरीकडून कुटून घेशील? बायेरची माती घ्यायची, रीत हाय.” ती खाली उतरली, आपल्या खाचरात, आणि घमेलं जमिनीवर ठेवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तू खण रे. मला वाकवत नाय आता.”

मी खणलं. माती मऊ होती. घमेलं भरलं की आत्या ते बांधावर द्यायची आणि रिकामं परत आणायची, आणि दुपारपर्यंत आम्ही दोघांनी मिळून वाफ्याची एक कड संपवली.