बू वियार्तींचा द्रोण

जाव्यातल्या मादियुनच्या पॉलिटेक्निकमध्ये बू वियार्ती, म्हणजे वियार्ती बाई, माहिती तंत्रज्ञानाच्या पहिल्या वर्षाला शिकवायच्या. विषयाचं नाव वेळापत्रकाच्या चौकटीत मावत नसे, म्हणून पोरं त्याला 'डोक्याचा तास' म्हणत. या तासाला सुरुवातीचे काही आठवडे कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, असा बूंचा दंडक. आधी एखादं रोजचं काम घ्या, त्याचे तुकडे पाडा, तुकडे क्रमानं लावा, कुठे अडेल ते ओळखा आणि मग अशा सूचना लिहा की ज्याला काही म्हणजे काही कळत नाही, त्यालाही ते काम करता यावं. याच्यापुढचं सगळं टायपिंग, असं त्या म्हणत.

हे त्या कुठल्या पुस्तकातून शिकल्या नव्हत्या. त्या नोकरीला लागल्या तेव्हा कॉलेजात कॉम्प्युटरची एकच खोली होती आणि तिची किल्ली प्राचार्यांच्या खिशात असायची. प्राचार्य सदा दौऱ्यावर. मग बूंनी पोरांनाच कॉम्प्युटर केलं: एकानं सूचना लिहायच्या, दुसऱ्यानं त्या वाचून जशाच्या तशा करायच्या. पुढे खोल्या वाढल्या, किल्ल्या वाढल्या, पण बूंनी ही पद्धत सोडली नाही. तिचा त्यांना अभिमान होता. थोडा जास्तच होता.

अडचण एकच होती, आणि ती जुनी होती. मादियुनची पोरं एकमेकांना सांभाळून घेत. 'चहा कपात ओता' असं कुणी लिहिलं आणि कप घ्यायचं राहिलं, तर वाचणारा मुकाट्यानं कप आणायचा. 'कुलूप उघडा' लिहिलं आणि किल्लीचं नावच नाही, तर वाचणारा स्वतःच्या खिशातली किल्ली काढून हवेत फिरवायचा. मित्राची चूक चारचौघांत उघडी पाडणं म्हणजे त्याच्या अंगावरचा शर्ट काढून घेणं. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यामुळे वर्गात सगळ्यांच्या सूचना बरोबर ठरायच्या, आणि प्रयोगशाळेत गेल्यावर सगळ्यांचे प्रोग्रॅम तोंडावर आपटायचे.

"अरे, कॉम्प्युटर काही तुमचा शेजारी नाही," बू म्हणायच्या. "त्याला तुमची लाज राखायची पडलेली नाही." पोरं नम्रपणे मान डोलवायची आणि पुन्हा तेच करायची.

त्या वर्षी वर्गात तोगार आला. सुमात्रा बेटावरच्या बाटाक जमातीतला, आडदांड, आवाजाचा भोंगा. बाटाक माणसं तोंडावर बोलतात अशी जाव्यातल्यांची तक्रार, आणि जाव्यातली माणसं पाठीमागे बोलतात अशी बाटाकांची. बूंना वाटलं, देवच पावला. इतकी वर्षं हवा होता तो बेमुर्वत कॉम्प्युटर दोन पायांवर चालत आला होता.

त्या आठवड्याचं काम होतं द्रोण. केळीच्या पानाचा द्रोण लावायचा, त्यात भात, उकडलेली पालेभाजी आणि वर शेंगदाण्याचा तिखट रस्सा. म्हणजे पेचेल, मादियुनची सकाळ. बूंनी सूचना वाचून दाखवायला किनासिहला उठवलं. बारीक अंगाची, मान खाली घालून चालणारी मुलगी. तिची आई बाजाराच्या तोंडाशी पेचेल विकायची आणि त्याच पैशावर पोरीची फी भरायची. हे बूंना ठाऊक होतं. म्हणूनच तिला उठवलं, हिचं तरी चुकायचं नाही म्हणून.

ज्याचे हात रोज एखादं काम करतात, त्याला ते सांगता येत नाही. किनासिहनं लिहिलं होतं, 'पान घडी करा.' तोगारनं पान वर्तमानपत्रासारखं मधोमध दुमडलं. 'काडी लावा.' त्यानं दुमडलेल्या पानावर काडी अलगद ठेवून दिली. 'भात घाला.' भात दोन्ही बाजूंनी घरंगळला. 'रस्सा ओता.' किती, ते लिहिलं नव्हतं. तोगारनं पातेलं उचललं आणि सगळा रस्सा ओतला. तो टेबलावरून किनासिहच्या पांढऱ्या बुटांवर आला.

वर्गात हशा फुटला. अशी हसायची सवय नसलेली पोरं एकदा हसायला लागली की थांबत नाहीत. प्रसोजो नावाचा एक चहाटळ मागून म्हणाला, "पेचेलवालीची पोरगी, आणि द्रोण येईना!" पुन्हा हशा. बू वियार्तीही हसल्या. इतक्या वर्षांनी वर्गात एक चूक चुकीसारखी दिसली होती. त्यांना खरोखर आनंद झाला होता.

पुढच्या तासाला किनासिह आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग कार्यालयातून निरोप आला की ती कॉलेज सोडते आहे. शुक्रवारी सही करायला आई येणार.

बूंनी आपली स्कूटर काढली.

किनासिहच्या घरी ओसरीत त्यांना बसवलं, चहा ठेवला. 'घ्या' म्हटल्याशिवाय प्यायचा नाही अशी रीत, म्हणून त्या कपाकडे बघत बसल्या. आईनं 'घ्या' म्हणायला बराच वेळ लावला.

"तिला जरा बरं नाही," आई म्हणाली. अंगणात वाळत घातलेल्या चादरीमागे किनासिहचे पाय दिसत होते. दोघींनीही ते पाहिले नाहीत.

"हवाच तशी आहे," बू म्हणाल्या.

"हो ना. तुम्ही एवढ्या लांब आलात, बू. आम्हाला फार संकोच वाटतो."

"छे, वाटेवरच होतं." घर कुणाच्याच वाटेवर नव्हतं.

द्रोणाचं नाव कुणी काढलं नाही. माफी मागावी असं बूंच्या ओठांवर आलं होतं, पण बूंनी पोरीच्या आईची माफी मागायची म्हणजे आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. चहा संपला. निघताना बू चादरीकडे पाठ करून, पण जरा मोठ्यानं म्हणाल्या, "गुरुवारी मी स्वतः सूचना लिहिणार आहे. द्रोणाच्याच. तोगार करून दाखवेल. बघायला पोरं हवीत."

मनात त्यांचा बेत पक्का होता. सूचनांत दोन चुका मुद्दाम ठेवायच्या: पान कुठल्या बाजूनं धरायचं ते गाळायचं, आणि रस्सा किती तेही. तोगार पसारा करील, पोरं बूंना हसतील, त्या पोरांबरोबर हसतील, आणि किनासिहचं ओझं हलकं होईल. बेत चांगला होता. बूंना तो फारच चांगला वाटला.

गुरुवारी किनासिह आली. दाराजवळच्या बाकावर बसली, पिशवी मांडीवरच. बूंनी फळ्यावर सूचना लिहिल्या आणि तोगारला हाक मारली.

तोगार पुढे आला तो मांजरासारखा. दरम्यान पोरांनी त्याला काही सांगितलं नव्हतं. सांगायची इथे रीतच नाही. फक्त कँटीनमध्ये त्याच्या टेबलावर कुणी बसेनासं झालं होतं. एवढ्यानं तोगारला जे कळायचं ते कळलं होतं. त्यानं फळा वाचला, पान घेतलं, आपल्या रुमालानं पुसलं, सुलट केलं, आणि झकास द्रोण लावला. रस्सा चमच्यानं, बेतानं घातला.

"अगदी बरोबर आहे, बू," तो म्हणाला. वर्गानं टाळ्या वाजवल्या.

बूंना त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

"ते लिहिलेलं नाही."

आवाज दाराजवळून आला होता. किनासिह उभी राहिली होती, मान खालीच. "क्षमा करा, बू. पान पुसायचं, सुलट करायचं, चमच्यानं घालायचं... फळ्यावर नाही ते."

"मग तू कर," बू म्हणाल्या. आपला बेत पुन्हा रुळावर आला म्हणून त्या मनातून सुखावल्या.

किनासिह पुढे आली. 'पान घ्या,' असं फळ्यावर होतं. पानांची गुंडाळी सोडा असं नव्हतं. तिनं दोरी बांधलेली अख्खी गुंडाळी उचलली. बूंच्या चेहऱ्यावरचं हसू जरा कमी झालं. ही तिसरी चूक त्यांनी ठेवलेली नव्हती. 'टोक आत वळवा.' गुंडाळी ती काय वळणार? किनासिहनं जोर लावला. वरचं पान टर्रकन फाटलं.

ती थांबली. हात तसेच धरून उभी राहिली.

"पुढे?" बूंनी विचारलं.

"पुढे जाता येत नाही, बू. पान फाटलं. फाटलं तर काय करायचं, ते लिहिलेलं नाही."

कुणी हसलं नाही. बूंचे कान तापले. हीच गोष्ट त्या दरवर्षी पहिल्याच तासाला बजावायच्या. मुद्दाम ठेवलेल्या दोन चुकांपर्यंत पोरगी पोचलीसुद्धा नव्हती, त्याच्या आधीच बू उताण्या पडल्या होत्या. खोटं कशाला बोला, त्यांना लागलं, आणि चांगलंच लागलं.

"खरंय," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं. बस."

किनासिह बसली नाही.

"अजून एक आहे, बू. त्या दिवशी सगळे हसले. हसले तर काय करायचं, तेही कुणाला सांगितलेलं नव्हतं."

प्रसोजोनं मान खाली घातली. तोगार खिडकीबाहेर बघू लागला. सांभाळून घेण्याची वेळ होती. वर्गातल्या कुणीही काहीतरी बोलून विषय बदलला असता तर सगळे सुटले असते.

"मीसुद्धा हसले होते," बू वियार्ती म्हणाल्या.

"हो, बू," किनासिह म्हणाली. "मी तुमच्याकडेच बघत होते."