गच्चीतली भोकं

माझी बदली रोह्याच्या शाळेत झाली, तेव्हा आम्ही नवराबायको एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला गेलो. मालकीण पेणला राहायची. पहिल्याच भेटीत ती म्हणाली, "मालकीणबाई नको म्हणू गो. मावशी म्हण."

मी म्हणू लागले, आणि मनापासून. माझं पोटातलं मूल गेलं, तेव्हा पेणहून रोज येऊन तिनेच मला मऊ भात भरवला होता. "आई नाय इथे तुझी, पण मी हाय ना," म्हणायची.

तिच्या भावाचा हमरापूरला गणपतीचा कारखाना. एका वर्षी रोह्यात विकायच्या मूर्ती ठेवायला त्याने आमच्या डोक्यावरच्या गच्चीत मांडव घातला. स्लॅबला भोकं पाडून लोखंडी अँगल बसवले. मावशी स्वतः उभी होती. मी आणि शेजारच्या काकूंनी कामगारांना चहा नेऊन दिला. गणपती गेले, ताडपत्री गेली, अँगल तसेच राहिले. मी त्यांना दोरी बांधून कपडे वाळत घालू लागले.

पुढच्या पावसाळ्यात आमच्या झोपायच्या खोलीत पाणी ठिबकू लागलं. आधी पोपडे, मग नुसती धार. गादी भिजली, कपाटाला बुरशी चढली. आम्ही स्वयंपाकघरात झोपायला लागलो. मावशीला फोन केला की ती म्हणे, "बघते गो." मग तिने फोन उचलणंच सोडलं. एका सकाळी छताचा गिलावा माझ्या उशीच्या जागेवर कोसळला, तेव्हा नवरा म्हणाला, "आता सरांना मध्ये घालू."

सर म्हणजे शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक. गल्लीतली भांडणं त्यांच्याच ओट्यावर मिटायची. त्यांनी निरोप धाडला तशी मावशी आमच्याकडे आली. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. तिने घेतला नाही.

सरांनी गच्ची बघितली. खाली येऊन विचारलं, "पाणी अँगलच्या भोकांतून उतरतंय. ते बसवले कोणी?"

मावशी माझ्याकडे न बघता म्हणाली, "यांनीच. कपडे वाळत घालायला. मला विचारलंपण नाय."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "मावशी, अहो, तुमच्या भावाचा मांडव…"

"मांडव बांबूचा होता," ती म्हणाली.

मी दारात उभ्या असलेल्या काकूंकडे पाहिलं. त्यांनी पदर सारखा केला आणि आपल्या घरी निघून गेल्या. नवरा चिडून उठला, त्याला मी हाताला धरून बसवलं.

सरांनी दोघांना अर्धं अर्धं वाटून दिलं: गच्चीचं काम मावशीने करायचं, खोलीचा गिलावा आणि रंग आम्ही. सगळे म्हणाले, निवाडा चांगला झाला.

काम झालं, गळती थांबली. त्यानंतर एका दुपारी मावशी एकटीच आली. नेहमीसारखी चपला काढून आत शिरली, पंख्याखाली बसली.

"रागावलीस गो?"

मी म्हटलं, "खोटं का बोललात?"

तिने पदराने मान पुसली. मग म्हणाली, "ह्या घरात भावाचा वाटा हाय. त्याने भोकं पाडली म्हटलं असतं, तर त्याने मला दारात उभं केलं नसतं. माझं म्हातारपण त्याच्याकडेच जायचं. तू काय, भाडेकरू. आज हाय, उद्या नाय."

हे तिने दुष्टपणाने म्हटलं नाही. समजावून सांगावं तसं सांगितलं. तेच मला जास्त लागलं. शेजारी बसून मला भात भरवणारी बाई तेव्हाही खरी होती, असं मला आजही वाटतं. पण मग मी तिची कोण होते, हे मला कळत नाही.

मी तिला चहा दिला. "घ्या मालकीणबाई," म्हणाले. तिने कप हातात धरला आणि चहा निवेपर्यंत तशीच बसून राहिली.

परीक्षा आटोपल्यावर आम्ही घर सोडलं. खोली तेव्हा अगदी कोरडी होती.