अनवाणी ठेका

काकांचा जन्म पत्र्याचे डबे ठोकणाऱ्या प्रेसपाशी गेला. प्रेसने पोट भरलं आणि त्या बदल्यात कान नेले. पूर्वी ते सुट्टीच्या दिवशी ढोल वाजवायला जात. पण ठेका निसटायला लागला तशी जुन्या साथीदारांनी बोलावणी बंद केली, आणि ढोल माळ्यावर गेला.

तो खाली काढला पुतणीने. ती बेस गिटार वाजवायची. तिच्या बँडला रॉकच्या दणदणाटात खरा चामड्याचा ढोल हवा होता. सराव एका बंद पडलेल्या सुतारखान्यात, लाकडी फळ्यांवर चाले. काका चपला बाहेर काढून बसले, आणि ढोल उठण्याआधीचे बेसचे सातच्या सात ठोके तळव्यांतून वर चढले. इतक्या वर्षांनी समेवर येताना म्हाताऱ्याचे डोळे भरले. ऐकू येत नाही हे मात्र ते बोलले नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची! पोरांना वाटलं, अनवाणी बसणं ही काकांची स्टाइल आहे. गिटारवाल्याने तर स्वतःचेही बूट काढले. या गिटारवाल्याचं काकांना कोडंच होतं. त्याचा बारीक सूर फळ्यांतून कधी पोचला नाही, त्यामुळे गडी नुसताच तोंडं वेडीवाकडी करतो, असा त्यांचा समज होता.

पहिला मोठा कार्यक्रम ठरला. पुतणीने काकूकडून जाड गालिचा आणून, दुहेरी घडी करून काकांच्या जागी अंथरला. "गुडघे गारठतात ना तुझे!" ती कौतुकाने म्हणाली. आता या मायेला नाही कसं म्हणायचं?

गाणं सुरू झालं आणि काकांनी तळवे टेकवून ठोका शोधला. पायाखाली काहीच नव्हतं, सगळा मऊ कापूस. ड्रमवाल्याच्या हातांकडे बघत त्यांनी कसंबसं रेटलं. मग सगळे थांबले. आता बेस एकटा सात ठोके देणार आणि आठव्याला ढोल उठणार. काकांचा ढोल तिसऱ्यालाच उठला. बँड गडबडला. झालं, इथूनही आपली हकालपट्टी, असं त्यांच्या मनात आलं.

पण ढोल पुन्हा माळ्यावर टाकायची त्यांची तयारी नव्हती. ते उठले, भरल्या सभागृहासमोर गालिचा गुंडाळला, बाजूला भिरकावला आणि स्टेजच्या फळ्यांवर पाय रोवून पुतणीला खूण केली, पुन्हा. लोक हसले. तिने सात ठोके दिले. आठव्याला ढोल असा कडाडला की हसणारे उभे राहिले.

कार्यक्रम संपल्यावर पुतणी समोर येऊन, तोंड नीट दिसेल अशी उभी राहिली. "काका, तुला ऐकू येत नाही?"

"नाही गं. पायांनी भागवतो."

"मग सांगायचं नाही होय!" म्हणत ती रडली, आणि काकाही.

पुढच्या सरावाला काकांची जागा बदललेली होती. पोरांनी फळ्यांचा वेगळा चौथरा ठोकला होता आणि गिटारचा स्पीकर त्याच्या पोटात फळ्यांना चिकटवून बसवला होता. काकांनी पाय ठेवला. बेसच्या ठोक्यांवरून काहीतरी बारीक, झिणझिणतं, पोटऱ्यांपर्यंत धावत आलं. त्यांनी मान वर करून गिटारवाल्याकडे बघितलं.

"अरे," ते म्हणाले, "तू वाजवतोस होय!"