बदामाखालची हिरवळ

मोठ्या झाडाखाली हिरवळ टिकत नाही, असं सगळे सांगतात. टिकते. रोज सकाळी पानं उचलायची तयारी हवी, एवढंच. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत माझ्या यजमानांनी ती सहा वर्षं टिकवली. मग मी त्यात सुधारणा केली. लिहायचं आहे ते त्या सुधारणेबद्दल.

कारखान्यानं व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली तेव्हा हे सत्तेचाळीस वर्षांचे होते. स्वेच्छा नावापुरती. ह्यांच्या विभागात नवी यंत्रं आली होती आणि ती चालवायला तीन माणसं पुरत होती. ह्यांनी सही केली. पुढच्या सोमवारी मी नेहमीसारखी ऑफिसला निघाले. ओट्यावर एकच डबा बघून हे म्हणाले, "माझा?"

"तुम्ही घरीच आहात ना? टेबलावर जेवा."

"जेवणाची सुट्टी साडेबाराला. भर."

भरला. भाजी केलेलीच होती, वाद कशाला घालायचा?

सात वाजता हे खराटा घेऊन खाली उतरले. सोसायटीच्या मधोमध देशी बदामाचं भलं थोरलं झाड होतं आणि त्याखाली हिरवळ म्हणायची पिवळी चटई. बदामाची पानं ताटाएवढी, चिवट. दव पडलं की गवताला चिकटून बसतात आणि दोन दिवसांत खालचं गवत कुजतं. ह्यांनी हळूहळू सगळं समजून घेतलं. खराटा हलक्या हातानं आणि एकाच दिशेनं ओढायचा, नाहीतर गवत मुळासकट येतं. सावलीतलं गवत बोटभर उंच ठेवायचं, बारीक कापलं तर मरतं. पाणी झाडाची मुळं आधी पितात, म्हणून सळईनं भोकं पाडून ते खोल जाऊ द्यायचं, आणि द्यायचं ते सकाळीच. हरळी जगेना तेव्हा रुंद पातीचं, सावलीत येणारं गवत आणून लावलं. साडेबाराला हे झाडाखाली बसून डबा खात आणि साडेतीनला हात धुऊन वर येत.

गेटपाशी आयटीतली मुलं कंपनीच्या गाडीची वाट बघत उभी असायची. त्यातला आमच्या वरच्या मजल्यावरचा एकदा म्हणाला, "काका, तुमची पण मॉर्निंग शिफ्ट?"

"हो. फक्त न्यायला कॅब येत नाही."

संध्याकाळी गुडघ्यांना तेल चोळता चोळता रोज एकच वाक्य. "आज चार पोती निघाली. हे झाड माणसाला जगू देणार नाही."

कारखान्यातल्या लेथबद्दलही हे वर्षानुवर्षं असंच बोलत. "ही मशीन एक दिवस माझा जीव घेणार." ती भंगारात गेली त्या दिवशी मात्र जेवले नव्हते. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी कामाची बाई. कुणी दुखतंय म्हटलं की मी औषध शोधते.

सोसायटीच्या सभेत ह्यांच्यादेखत मी झाड छाटायचा ठराव मांडला. अंधार होतो, गटारं तुंबतात, गवताला ऊन मिळत नाही. तिन्ही कारणं खरी होती. पालिकेची परवानगी काढली. पुतण्याच्या लग्नासाठी हे साताऱ्याला गेले, तेच दिवस धरले. लाकडाच्या भुशानं ह्यांना खोकला व्हायचा. फांद्या तोडणारा माणूस अर्ध्यावर थांबला आणि वरून ओरडून म्हणाला, "बाई, बास का?"

मी खाली उभी राहून हात केला. "ती पण घ्या. आणि ती पलीकडची."

हे परत आले ते रिक्षातून उतरून बॅग हातात धरूनच उभे राहिले. झाडाचा नुसता खांब उरला होता. सगळीकडे लख्ख ऊन.

"बरं झालं," म्हणाले.

"सहा वर्षं झिजलात. आता आराम करा."

"हो."

त्या पावसाळ्यात हिरवळ अशी दाट झाली की शेजारच्या सोसायटीची माणसं बघायला आली. झाडायला पान नव्हतं. माळी आठवड्यातून दोनदा यायचा, तेवढं पुरायचं. हे काही दिवस सातला खाली जाऊन उभे राहिले. वरच्या मजल्यावरच्यानं विचारलं, "काका, शिफ्ट बंद?"

"झाडानं व्हीआरएस घेतली."

मुलं हसली. मीही खिडकीत हसले. त्यानंतर हे खाली जाईनासे झाले. डबा नको म्हणाले. मी संध्याकाळी घरी यायचे तेव्हा बंद टीव्हीसमोर खुर्चीत बसलेले असायचे. वाचनालय लावून दिलं, हास्यक्लबात नाव घातलं, शेजारच्या मुलांना गणित शिकवा म्हटलं. सगळ्याला "बघू" म्हणाले.

तिसऱ्या वर्षी हृदयाचं दुखणं निघालं. दवाखान्यात दुपारी भेटायच्या वेळेत आम्ही दोघंच होतो. इतके दिवस तोंडात अडकलेलं मी तेव्हा विचारलं. "झाड राहू दे, असं मला आधी सांगायचं होतंत."

"सांगून काय झालं असतं?"

"मी थांबले असते."

"थांबली असतीस." छताकडे बघत म्हणाले, "मग रोज खाली उतरताना वाटलं असतं, हिनं ठेवलंय म्हणून काम आहे."

मी पाण्याचा ग्लास भरून पुढे केला.

"साहेबानंही सही घेतल्यावर हेच म्हटलं होतं," हे म्हणाले. "आता आराम करा."

चिडलेले नव्हते. नुसतं सांगत होते. मी उशीची खोळ नीट केली. ती नीटच होती. चुकले, एवढा एक शब्द बोलायचा होता. पण शेजारच्या खाटेवरचा माणूस जागा होता आणि नर्स येत-जात होती. म्हटलं, घरी गेल्यावर निवांत बोलू.

पुढचे दोन दिवस मी गोळ्या घेतल्या का, पाणी हवं का, पंखा कमी करू का, एवढंच विचारत राहिले. तिसऱ्या दिवशी पहाटे हे गेले.