चहा घ्या आणि निघा

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी द्वारका चौकातल्या सिग्नलला रिक्षात अडकले होते. माझा भाचा तेजस, अण्णांचा मुलगा, एवढंच म्हणाला, "आत्या, अण्णा गेले गं." पुढचं काही ऐकूच आलं नाही, कारण मागचा टेम्पोवाला जीव खाऊन हॉर्न वाजवत होता. सख्खा मोठा भाऊ गेला आणि मला रडू येण्याआधी राग आला तो त्या हॉर्नचा. महिना उलटून गेला, राग काही उतरलेला नाही. फक्त माणसं बदलली... हॉर्नवाला गेला आणि सॉफ्टवेअरवाला आला.

आला तोही कधी, तर तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी! हार घातलेल्या फोटोला त्याने अत्तराचा वास मारणारे हात जोडले, "फार वाईट झालं" म्हणाला, पाणी प्यायला आणि रिकाम्या ग्लासाखाली एक गुळगुळीत माहितीपत्रक सरकवलं. हिशेबाचं नवं सॉफ्टवेअर, मोबाइलवर चालणारं. "तुम्ही जरा सावरलात की निवांत डेमो देतो, मॅडम." आतल्या खोलीत वहिनी भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला अक्षरशः शिसारी आली. त्याला बोलावलं होतं तेजसनेच, हे कळल्यावर तर जास्तच.

सातपूरला आमचा पुठ्ठ्याची खोकी बनवायचा छोटा कारखाना आहे. पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये द्राक्षं भरायला लागतात ती खोकी. मशिनं आणि हिशेब अण्णांकडे, ऑर्डरी आणि गिऱ्हाइकांची बोलणी माझ्याकडे, भागीदारी निम्मी-निम्मी. पण हा कारखाना सुरू झाला तोसुद्धा किळस आली म्हणून. त्याआधी अण्णा एका मोठ्या कंपनीत हिशेबनीस होते. तिथल्या एका साहेबाने चुकून दुप्पट माल मागवला आणि ते अंगाशी येतंय म्हटल्यावर रजिस्टरचं पान फाडून अण्णांना नवं लिहायला लावलं. अण्णांनी लिहिलं. वरच्या साहेबाचा शब्द होता, दुसरं काय करणार? आठवड्याभरात चौकशी लागली आणि ठपका आला स्टोअरकीपरवर. त्या बिचाऱ्याला खरं दाखवायला पानच उरलं नव्हतं. त्याला काढलं, आणि त्याच संध्याकाळी अण्णा राजीनामा देऊन घरी आले. ताटावर बसले आणि तसेच उठले. "कितीदा हात धुतले, वास जात नाही गं," म्हणाले. मग पुन्हा नळाखाली हात धरत, "चूक खोडली म्हणून ती जात नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर जाऊन बसते."

तेव्हापासून आमच्या ऑफिसात खोडरबर नाही, पांढऱ्या शाईची बाटली नाही. चूक झाली की तिच्यावर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही. नवीन येणाऱ्याला आधी हे शिकवायचं, मग बाकीचं. कुणाच्या चुकीवर अण्णा कधी ओरडले नाहीत. गिरवून ठेवलेलं मात्र दिसलं, की मग त्या माणसाचं काही खरं नसायचं.

पुढे जीएसटी आला आणि सीए म्हणाले, आता सॉफ्टवेअर घ्याच. मग काय, बॅगवाल्यांची रांगच लागली. एक जण दर वाक्याला दोनदा "सर" म्हणायचा. एकाने रंगीबेरंगी आकृत्या दाखवून डोळे दुखवले. अण्णा सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "एक चुकीचं बिल बनवा बरं. आता ते काढा." समोरचा मोठ्या अभिमानाने बटण दाबायचा. बिल गायब! एक महाभाग तर खुर्ची पुढे ओढून कुजबुजला, "साहेब, मागच्या वर्षीचंसुद्धा निघतं. कुणाला पत्ता लागत नाही." अण्णांचा चेहरा चहात झुरळ निघाल्यासारखा झाला. आरडाओरडा नाही, वाद नाही. प्रत्येकाला तेच उत्तर : "चहा घ्या आणि निघा."

मी वैतागले होते. सीझन तोंडावर आलेला आणि हे परीक्षा घेत बसलेले. शेवटी एक घामाघूम झालेला गृहस्थ आला. त्याचं सॉफ्टवेअर दिसायला अगदी कळकट, पडदा राखाडी, अक्षरं मुंगीएवढी. त्याने चुकीचं बिल काढलं तर ते गेलंच नाही. तिथेच राहिलं, वर "रद्द" असा शिक्का, खाली कुणी आणि कधी ते. तो ओशाळून म्हणाला, "सॉरी सर, आमच्यात पूर्ण डिलीट होत नाही." अण्णा खुर्चीतून उठले. मला वाटलं, आता याचाही चहा. तर म्हणाले, "बसा, बसा. जेवूनच जा आता."

तेच सॉफ्टवेअर आजपर्यंत चाललं. तेजसला ते कधीच आवडलं नाही, आणि त्याचं अगदीच चूक आहे असंही नाही. पिंपळगावला माल उतरवला की तिथूनच बिल पाठवता यायला हवं, हे मलाही पटतं. पण निर्णयाला माझीही सही लागते. म्हणून म्हटलं, बोलाव तुझ्या त्या माणसाला, ऑफिसात येऊ दे.

आला. त्याच अत्तराच्या वासासकट आला. तेजस अण्णांच्या खुर्चीत बसला होता, मी नेहमीच्या जागी. सगळं दाखवून झाल्यावर मी म्हटलं, "एक चुकीचं बिल बनवा. आता काढा." त्याने बोट टेकवलं, बिल गेलं. "आता शोधा." तो हसला. "मॅडम, ते आता कुठेच नाही. तीच तर गंमत आहे!" गंमत! ताटावरून उठून गेलेले अण्णा माझ्या डोळ्यांसमोर आले. काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं, तोंडातून आपोआप निघालं. "चहा घ्या आणि निघा."

तो गेल्यावर तेजस भडकला. "आत्या, अण्णा गेलेत. किती दिवस त्यांच्याच हट्टावर चालायचं आपण?" मी ऑर्डरींची वही उघडली. बोलले असते तर रडले असते, आणि त्याच्यासमोर मला रडायचं नव्हतं. काही दिवस आम्ही कामापुरतंच बोललो.

परवा जुन्याच सॉफ्टवेअरचं नूतनीकरण करायचं होतं. तेजस तोंड पाडून कॉम्प्युटरपुढे बसला. त्यात काम करणाऱ्यांची नावं असतात : अण्णा, मी, आमचा क्लार्क. जागा तीनच, तेजसचं नाव घालायचं तर एक रिकामी करावी लागते. "आत्या, अण्णांचं काढतो मग," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. मी मान डोलावली. त्याने बटण दाबलं. थांबला. पुन्हा दाबलं.

"काय झालं रे?"

"काढत नाहीये." पडद्यावरचं तो सावकाश वाचू लागला. "म्हणतंय, या नावाने नोंदी आहेत... हे नाव काढता येणार नाही."

बाहेर मशिन चालू होतं, पुठ्ठा कापला जात होता. तेजस अण्णांच्या खुर्चीतून उठला, बाहेरच्यांसाठी ठेवलेली प्लास्टिकची खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसला आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

"चहा सांग ना, आत्या," तो म्हणाला. "पण मी निघणार नाही."