न पाठवलेली तार

कंपनीतला माझा पहिलाच आठवडा होता. अकोल्याहून नुकती आलेली, त्यामुळे समोर येईल त्याच्याशी बोलायची सवय. जेवताना मी शेजारच्या बाईंना सहज विचारलं, "आपले साहेब कसे आहेत हो स्वभावानं?"

त्यांनी पोळीचा तुकडा हातातच धरला. "नम्रता ना तू? कॅन्टीनमध्ये असलं विचारायचं नाही. मी कुणाची माणूस आहे, तुला काय ठाऊक?"

मला वाटलं, असेल पुणेरी खवचटपणा. पण सुनीतीताई मेहेंदळे हे मनापासून सांगत होत्या.

कल्याणीनगरच्या त्या काचेच्या इमारतीत त्या रशियन गिऱ्हाइकांसाठी सॉफ्टवेअरची भाषांतरं करायच्या. नारायण पेठेतल्या शिक्षकाची मुलगी रशियनकडे कशी वळली, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं, "जर्मनच्या वर्गात जागा नव्हती." पुढचं मात्र त्यांनी मला सांगितलं ते वर्षभरानं, तेही ऑफिसात नाही. संभाजी बागेतल्या बाकावर बसून, आधी मागं-पुढं बघून.

१९९० साली लोणी काळभोरच्या अलीकडे एका खासगी कारखान्यात रशियन बनावटीची यंत्रं आली. ती बसवायला चार रशियन आले, आणि त्यांचं बोलणं मराठी-हिंदीत सांगायला सुनीतीताई. रोज सकाळी स्वारगेटहून बस पकडायची, रशियनांच्या भाड्याच्या बंगल्यावर उतरायचं, त्यांच्याबरोबर नाश्ता करायचा आणि मग सगळ्यांनी कारखान्याच्या गाडीतून निघायचं, असा क्रम होता.

चौघांचा म्होरक्या विक्तर पावलोविच. पन्नाशीचा, कायम कोटात. सगळ्यांत धाकटा आन्द्रेई, विजेची कामं बघणारा. बाकी दोघे फिटर. कामात चौघंही वाघ, पण जेवणाच्या टेबलावर बोलणं एवढंच, की मीठ द्या, आज उकडतंय, आंबा गोड आहे. ताईंना आधी वाटलं, रशियन माणसं अबोल असतील. मग एकदा आन्द्रेई त्यांच्याशी एकटाच बोलत होता, आईविषयी, मॉस्कोतल्या रांगांविषयी, भडाभडा. तेवढ्यात मागून एक फिटर आला. आन्द्रेईनं त्याच सुरात वाक्य बदललं, "तर या वायरची जाडी अशी असते."

ताईंच्या लक्षात आलं. या चौघांतला कुणीतरी एक वर कळवतो, असं चौघांनाही वाटत होतं. कोण ते मात्र कुणालाच माहीत नव्हतं. आणि ताईंवर तर सगळ्यांचाच संशय.

तो अगदीच निराधार होता असंही नाही. कारखान्यातले कामगार अधिकारी सर्जेराव शितोळे एकदा त्यांना बाजूला घेऊन म्हणाले होते, "बाई, ही मान्सं आपसात काय बोलत्यात, जरा आमच्या कानावर घालत जावा. वरनं इचारणा होती."

"वरनं म्हणजे कुठून?"

"ते मलाबी सांगत न्हाईत."

नोकरी हवी होती. ताई दर आठवड्याला त्यांना सांगायच्या, "आंबा गोड आहे म्हणाले." सर्जेराव मान डोलवायचे आणि तेच पुढं कुणाला तरी सांगायचे.

मग १९९१चा ऑगस्ट आला. एका सोमवारी बातमी आली, की मॉस्कोत राष्ट्राध्यक्षांना बाजूला सारून काही मंडळींनी कारभार हातात घेतलाय आणि रस्त्यावर रणगाडे आणलेत. त्या संध्याकाळी कारखान्यातून परतल्यावर विक्तरनं सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं. एका कागदावर त्यानं मजकूर लिहून आणला होता. भारतातल्या आमच्या तुकडीचा नव्या समितीला संपूर्ण पाठिंबा आहे, अशी मॉस्कोला तार करायची. वाचताना त्यानं कुणाकडे बघितलं नाही. एका फिटरनं लगेच सही केली. दुसऱ्यानं त्याच्या हातातून पेन जवळजवळ ओढून घेतलं. आन्द्रेईनंही केली. कागद ताईंकडे आला. उद्या कारखान्यात जाताना पोस्टात थांबून त्यांनी ती तार करायची होती.

"घरी जाताना मला त्या कागदाची घाण वाटत होती," ताई मला म्हणाल्या. "आणि भीतीही. ही माणसं उद्या म्हणतील, बाईंनी मुद्दाम उशीर केला."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बंगल्यावर पोचल्या. नाश्ता मांडलेला, पण टेबलावर कुणी नाही. बोलवायला म्हणून त्या वरच्या मजल्यावर गेल्या. पहिल्या खोलीचं दार बंद, आत रेडिओ अगदी हळू लावलेला. रशियनमध्ये कुणीतरी बातम्या देत होतं. दुसऱ्या खोलीतूनही तोच आवाज. तिसऱ्या, आणि शेवटच्या, विक्तरच्या खोलीतूनही तेच वाक्य पुढं चाललेलं. लंडनहून लागणारं केंद्र. चौघं आपापल्या खोलीत, दारं लावून, एकमेकांना ऐकू जाऊ नये म्हणून रेडिओ कानाशी धरून एकच बातमी ऐकत होते.

ताई दार न वाजवता खाली आल्या. थोड्या वेळानं चौघं एकेक करून टेबलाशी बसले. विक्तर म्हणाला, "आज उकडतंय."

सुनीतीताईंनी चहा ओतला आणि रशियनमध्ये म्हणाल्या, "लंडनवाला आज फार भरभर बोलत होता. चारही खोल्यांतून ऐकलं तरी मला एक शब्द कळला नाही. काय म्हणाला तो?"

चमचे थांबले. विक्तरचा चेहरा लालबुंद झाला. कुणी कुणाकडे बघेना. ताईंना वाटलं, संपलं. आता हा उठणार, सर्जेरावांना फोन करणार आणि उद्यापासून आपण घरी.

आन्द्रेई बशीकडे बघत म्हणाला, "लोक रस्त्यावर उतरलेत. रणगाड्यांसमोर उभे आहेत."

सही करायला पेन ओढून घेणारा फिटर पावाचा तुकडा कुस्करत होता. मग एकदम म्हणाला, "माझा मुलगा असणार त्यात. तो घरी थांबणाऱ्यातला नाही." आणि रडायलाच लागला. शेजारच्या फिटरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. चौघं वर्षभर एकाच छताखाली राहत होते, पण एकमेकांना हात लावताना ताईंनी त्यांना पहिल्यांदाच बघितलं.

विक्तरनं ताईंपुढं हात केला. त्यांनी पर्समधून तारेचा कागद काढून दिला. तो घडी करून त्यानं कोटाच्या खिशात घातला. "राहू द्या. पोस्टात आज गर्दी असेल."

दुसऱ्या दिवशी मॉस्कोतला तो डाव कोसळला. वर्ष सरता सरता तो देशच उरला नाही. यंत्रं बसवून झाली होती. चौघं निघून गेले, पण कुठल्या नावाच्या देशात चाललोय, ते त्यांनाही नीट सांगता येत नव्हतं.

"तुम्ही फार धीराचं काम केलंत," मी म्हणाले.

"धीर कसला? त्या उकाड्याचा आणि आंब्याचा कंटाळा आला होता मला."

२००६ साली आमच्या रशियन गिऱ्हाइकाची माणसं पुण्याला आली, त्यांत आन्द्रेई होता. टक्कल पडलेलं, इंग्रजी उत्तम. त्यानं ताईंना ओळखलं. डेक्कनवर जेवायला जाताना ताईंनी मलाही बरोबर घेतलं. एकटीनं जायचं नव्हतं त्यांना. टेबलाशी बसल्यावर आन्द्रेईनं मोबाइल काढला, त्याची बॅटरी वेगळी केली आणि दोन्ही वेगवेगळ्या खिशांत ठेवून दिले. ताईंनी ते बघितलं.

थाळी निम्मी संपल्यावर त्यांनी विचारलंच. "तुमच्यातला वर कळवणारा कोण होता?"

तो हसला. "चौघंही. निघण्याआधी प्रत्येकाला वेगवेगळं बोलावून सांगितलं होतं, बाकीच्या तिघांवर नजर ठेव. आणि प्रत्येक जण दर महिन्याला लिहायचा, सगळे एकनिष्ठ आहेत. वाईट लिहिलं असतं तर विचारलं असतं, तू का नाही रोखलंस?"

"म्हणजे वरच्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं, सगळे आपलेच आहेत."

"हो. म्हणून तर ते पक्षाचं राज्य एका आठवड्यात पडलं."

"मग इतकी वर्षं टिकलं कसं?"

"आम्हालाही तसंच वाटत होतं ना. मी सोडून बाकी सगळे त्यांचेच आहेत."

ताईंनी त्याच्या पेल्यात पाणी ओतलं. मग त्यांनी विचारलं, "आणि आता तिकडे कसं आहे?"

आन्द्रेईनं शेजारच्या टेबलाकडे एकदा बघितलं. "इथलं श्रीखंड फार छान आहे," तो म्हणाला.

त्याला हॉटेलवर सोडून आम्ही रिक्षानं परत निघालो. मी म्हणाले, "चौघंही! किती वाईट ना, ताई?"

"चौघंही, असं तो म्हणाला," ताई म्हणाल्या. "कळवणारा तो एकटाच असता तरी हेच म्हणाला असता." मग सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा म्हणाल्या, "पण फिटर रडला ते खरं होतं. तेवढं मला नक्की माहीत आहे."

निघताना आन्द्रेईनं त्यांचा पत्ता मागितला होता. त्यांनी घरचा पत्ता लिहून दिला, फोन नंबर दिला नाही. नव्या वर्षाला त्याचं शुभेच्छापत्र आलं. चौघांपैकी तिघं हयात आहेत, एवढंच त्यात होतं. कोण गेलं, ते त्यानं लिहिलं नव्हतं.