दुबईची मेल आउटबॉक्सातच

बकुळा शेजवळ उल्हासनगरात चंदर शेठच्या जीन्सच्या कारखान्यात टायपिस्ट होती. नव्याण्णव साली शेठने कॉम्प्युटर घेतला आणि ती आपोआप 'कॉम्प्युटर मॅडम' झाली. पगार मात्र टायपिस्टचाच राहिला. शेठच्या मते मशीन बदललं होतं, बोटं तीच होती.

बदलापुरात, बेलवलीला, तिचे वडील शंकरराव भेटेल त्याला सांगायचे, "आमची बकुळा दुबईशी बोलते." हे बोलणं किती सुखाचं असतं, ते तिला लवकरच कळलं.

दुबईच्या गिऱ्हाइकाला नव्या पँटींचे फोटो ईमेलने हवे होते. बकुळाने ते स्कॅन केले, तेही सर्वांत भारी क्वालिटीत, कारण कॉम्प्युटर क्लासच्या सरांनी या एका शब्दावर फार जोर दिला होता. सगळे फोटो एकाच मेलला जोडून तिने 'सेंड' दाबलं. स्क्रीनवरची पट्टी रमतगमत अर्ध्यापर्यंत गेली आणि एरर आली: सर्व्हरशी संपर्क तुटला. मेल आउटबॉक्समध्ये होती तिथेच. पुन्हा पाठवावी, तर पहिल्यापासून सुरुवात.

शेठने तत्काळ निदान केलं. "तू बटन धीरे दबाती है."

बकुळाने जोर लावून पाहिला. मग स्वतःच्याच पत्त्यावर एका ओळीची मेल पाठवली. ती झटक्यात गेली. म्हणजे पासवर्ड ठीक होता, दुखणं मेलच्या वजनाचं होतं. तिने इंटरनेट बंद करून, कारण फोनची लाइन एकच, इंटरनेट कंपनीच्या हेल्पलाइनला विचारलं. तिथला माणूस पथ्य सांगितल्यासारखा म्हणाला, "फोटो छोटे करा मॅडम. एका मेलला एकच लावा. आणि सेटिंगमध्ये टाइमआउट, म्हणजे वाट बघायची वेळ, वाढवा."

तिने सगळं केलं. पँटी काडेपेटीएवढ्या झाल्या, तरी मेल मध्येच तुटायची. आता तिला रडूच यायचं बाकी होतं. शेठने आपल्या हुशार भाच्याचा विषय काढायला सुरुवात केली होती.

तेवढ्यात केबिनमधून शेठ ओरडला, "अरे, इस फोन में साँप घुसा है क्या? जब उठाओ तब फुस्स-फुस्स!"

इकडे त्याच क्षणी स्क्रीनवर एरर आली. बकुळा उठून आत गेली.

"शेठ, तुम्ही फोन कशाला उचलला?"

"दुबई को पूछना था, मेल मिला क्या."

"सकाळपासून हेच करताय?"

"धंदे में फॉलोअप चाहिए, मॅडम," शेठ अभिमानाने म्हणाला.

केबिनचा फोन आणि कॉम्प्युटरला इंटरनेटशी जोडणारा मोडेम त्या एकाच लाइनवर होते. मेल पोचली का हे विचारायला शेठ रिसीव्हर उचलायचा आणि स्वतःच्या हाताने मेल तोडायचा. इतक्या वर्षांत बकुळाने त्या केबिनमधल्या टाचणीलाही शेठला न विचारता हात लावला नव्हता. ती खाली वाकली, भिंतीतून वायर उपटली आणि फोन काखेत मारून बाहेर आली.

मेल एकामागून एक गेल्या. संध्याकाळी दुबईहून ऑर्डर आली. शेजारच्या दुकानदाराला शेठ सांगत होता, "लाइन का प्रॉब्लेम था. मैंने पकड़ा."

"आता इंटरनेटला वेगळी लाइन घ्या," बकुळा म्हणाली.

"फालतू खर्चा."

"मग फोन माझ्या टेबलावर राहील."

आणि तो राहिला. कुठे फोन लावायचा असला की चंदर शेठ तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहायचा आणि विचारायचा, "मॅडम, करूं क्या?" बकुळा आधी स्क्रीनकडे बघायची. मग, वाटलं तर, हो म्हणायची.